ताल, व्हरांडा आणि आठ फूट सरकलेला देव यांची व्यवस्था

मी, प्रमोदिनी माधव खांबेटे, वय सत्तावीस, अविवाहित, धंदा इमारतींचे नकाशे काढणे, राहणार तुंगार्ली रस्ता, लोणावळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, आपल्या हाताने, भर दुपारी, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर कोणी सांगण्याची वाट न पाहता, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्या उजव्या मूत्रपिंडात खडा आहे, डोक्यात नाही. तसे पुण्याच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र पाहून सांगितले, आणि ते चित्र मीही पाहिले आहे.

पुढील आठवड्यात तो खडा कापून काढणार आहेत. बहुतेक रोगी उठतात, काही उठत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. "काही म्हणजे किती?" असे विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. म्हणून हा कागद.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे आईवडील हयात नाहीत. मी काही न लिहिता गेले, तर माझे जे आहे ते सगळे कायद्याने माझे एकुलते वडील बंधू अनंत माधव खांबेटे (पुढे "अनंतराव") यांच्याकडे जाईल. तसे जाऊ नये, एवढाच या कागदाचा हेतू आहे. त्याचे कारण माझा राग नाही. कारण माझ्या वहिनी सौ. इंदिराबाई आहेत. अनंतराव दुसरे लग्न करण्याच्या विचारात आहेत. इंदिराबाईंचे माहेर उरलेले नाही. उद्या त्यांना स्वतःच्या हक्काचे छप्पर असेल की नाही, हे माझ्या मिळकतीचे काय होते यावर अवलंबून आहे.

रागाची कलमे पुढे आहेत.

कलम २. माझे वडील कै. माधवराव रेल्वेत लाइनीचे ओव्हरसियर होते. घाटात दरडी कोसळतात, त्या अडवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी तुंगार्लीच्या उतारावर एक जागा घेतली आणि बक्षीसपत्र करून तिचे दोन भाग केले. वरचा अनंतरावांना, खालचा मला, दोन्ही पूर्ण मालकीने. वरच्या भागातून समोरचा डोंगर दिसतो. खालच्या भागातून वरचा भाग दिसतो. मधल्या रेषेवर वडिलांनी हद्दीचा एक घडीव दगड उभा रोवला. बक्षीसपत्राला जोडलेला नकाशा मी काढला आहे.

हे काम मला येते, कारण जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण लावायला वडिलांनी मला शिकवले तेव्हा मी परकर नेसत होते. त्यांनी अनंतरावांनाही शिकवायला घेतले होते. त्या दुर्बिणीतून माणसे उलटी दिसतात. अनंतरावांना आपण उलटे दिसू ही कल्पना सहन झाली नाही, आणि त्यांचे शिक्षण तेथे थांबले. पुढे ते विम्याचे एजंट झाले. लोकांच्या मरणाविषयी ते अतिशय आपुलकीने बोलतात.

कलम ३. वडील गेल्यानंतरच्या हिवाळ्यात अनंतरावांनी वरच्या भागात बंगला बांधायला काढला. अर्ध्यात आपण राहायचे, अर्धा हंगामात मुंबईच्या लोकांना भाड्याने द्यायचा, असा बेत होता. जागा सपाट करायला नवलाख उंबरे गावचे भिमाजी मुकादम, त्यांच्या पत्नी रतनबाई आणि त्यांची माणसे आली.

कुदळीचा पहिला घाव घालण्यापूर्वी जागेवरच्या एखाद्या दगडाला शेंदूर फासून नारळ फोडायचा, म्हणजे तो दगड त्या जागेचा राखणदार होतो, असा या लोकांचा रिवाज आहे. मी संध्याकाळी जाऊन पाहते तर आमचा हद्दीचा दगड देव झाला होता.

"भिमाजीभाऊ, दुसरा दगड नव्हता?" मी विचारले.

"हुते की लय. पर समदे आडवे. देव उभा पायजे, ताई."

यात मला चूक काढता आली नाही. सरकारी मोजणीदारही हद्दीच्या दगडाबद्दल तेच म्हणतो. शिवाय शेंदूर लागल्यामुळे हद्द लांबून दिसू लागली होती. मी दगड तसाच राहू दिला.

पुढे मी परीक्षेसाठी पुण्याला गेले असताना अनंतरावांच्या लक्षात आले की आपल्या बंगल्याला व्हरांडा नाही. बंगल्याचा नकाशा त्यांनी मुंबईच्या एका मित्राकडून काढून घेतला होता. मी फुकट काढून देत होते, म्हणून माझा नकाशा त्यांना हलका वाटला. मित्राने बंगला थेट हद्दीपर्यंत आणून ठेवला होता. व्हरांड्याला आठ फूट हवे होते, आणि ते आठही फूट माझ्या जमिनीत होते.

हद्दीचा दगड हलवणे गुन्हा आहे. देव हलवणे गुन्हा नाही. अनंतरावांनी एक गुरुजी आणले. गुरुजींनी डोळे मिटून सांगितले की देवाला येथे कोंडल्यासारखे होते आहे, त्याला खाली उतरायचे आहे. किती खाली? आठ फूट. देवाची गरज आणि व्हरांड्याची रुंदी यांचा असा योग पुन्हा जुळेल असे वाटत नाही.

मी परत आले तेव्हा देव हलून झाला होता आणि प्रसादाचा शिरा उरला होता. रतनबाईंनी तो पळसाच्या पानावर माझ्यापुढे धरला.

"घ्या ताई. देव तुमच्यात आला."

"आला की आणला?"

"त्यो कशाला येतोय सोताहून? चार गडी लागले. पहारीनं उपाटला त्याला."

मी वर जाऊन अनंतरावांना म्हणाले, "दादा, तो हद्दीचा दगड आहे."

"होता," ते म्हणाले. "आता तो देव आहे. देवाला हद्दीचा दगड म्हणतेस? वडिलांनी हेच शिकवलं का तुला?"

वडिलांनी मला हेच शिकवले होते. पण तो वाद मी तेव्हा घातला नाही. शिरा चांगला झाला होता.

कलम ४. आता मूळ प्रश्न. नवे घर बांधायचे तर आधी जागा बांधण्याजोगी करावी लागते, आणि तो खर्च कोणी द्यायचा? लोक भिंतींचा, कौलांचा, रंगाचा खर्च कौतुकाने देतात, कारण तो दिसतो. जमीन सपाट करण्याचा खर्च जमिनीतच राहतो. पाहुण्यांना तो दाखवता येत नाही. म्हणून तो दुसऱ्याचा असतो.

याविषयी अनंतरावांचे शास्त्र मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. दगडमातीच्या बैलगाड्या वर न्यायला माझ्या भागातून रस्ता काढला. रस्ता माझ्या जमिनीत, म्हणून खर्च माझा. वरचा उतार कापून निघालेला मुरूम त्यांनी माझ्या भागावर लोटला. "तुझा खड्डा भरून दिला. दुसऱ्या कुणी दिला असता?" म्हणून भरावाची मजुरीही माझ्याकडे. माझ्याकडे खड्डा नव्हता, उतार होता. परंतु वरून पाहणाऱ्याला खालचे सगळेच खड्ड्यासारखे दिसते. कातळ फोडला, त्याचा दगड गडगडत माझ्याकडे आला. तो मी घेतला असे धरून त्याची किंमतही त्यांनी सुचवली. डोळे मिटणाऱ्या गुरुजींची दक्षिणाही अर्धी माझ्याकडे मागितली होती, कारण देव माझ्या जमिनीत राहायला आला होता.

उतारावर पाणी खाली येते. अनंतरावांच्या मते खर्चही.

एक खर्च मात्र त्यांनी माझ्याकडे मागितला नाही. मागच्या अंगाला अखंड काळा कातळ लागला तेव्हा सुरुंग लावणारा ठेकेदार आगाऊ पैशांशिवाय हात लावीना. त्या वेळी इंदिराबाईंच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. "आठ दिवसांत सोडवून आणतो गं," असे अनंतराव त्यांना म्हणाले. ते आठ दिवस अजून चालू आहेत. पहिला सुरुंग उडाला तेव्हा खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. रतनबाईंनी ठेवले नाहीत. त्या म्हणाल्या, "वैनीबायच्या पाटल्या वाजल्या."

बंगल्याच्या फाटकावर संगमरवरी पाटी आहे. तीवर "स्वकष्ट" असे नाव कोरले आहे.

कलम ५. कापलेला डोंगर आणि ओतलेली माती आपली आपण उभी राहत नाही. लोणावळ्याच्या पावसात तर नाहीच. तिला धरायला खालून दगडी भिंत लागते. तिला आमच्याकडे ताल म्हणतात. घाटात आयुष्य काढलेले माझे वडील म्हणत, "डोंगर ज्यानं कापला, त्यानं तो धरावा." अनंतराव म्हणाले की हे रेल्वेला लागू आहे, कारण रेल्वेकडे पैसा असतो.

उन्हाळा संपत आला तेव्हा एके सकाळी आम्ही सगळे देवापाशी उभे होतो. भिमाजींनी काम थांबवले होते.

"दादासायेब, ताल घातल्याबिगर म्होरं जायचं न्हाई," ते म्हणाले. "आषाढात हे समदं खाली येतंय, तुमच्या पायासकट."

"मग ताईला सांगा," अनंतराव म्हणाले. "ताल तिच्या जमिनीत येणार. ताल तिची, खर्च तिचा."

"ताल माझी, हे कबूल," मी म्हणाले. "मग तालीनं धरलेली माती कोणाची?"

"तीही तुझी! घे! मला त्यातलं काही एक नको. मला पावणेदहाची गाडी गाठायची आहे."

रतनबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "मंग भंडारा उचला की, दादासायेब. देव हितंच हाय. तुमीच आनून ठिवलाय."

मजूर हसले. मजूर हसल्यावर अनंतरावांना माघार घेता येत नाही. त्यांनी शपथेसाठी देवासमोरचा भंडारा मुठीत घेतला. काय म्हणायचे ते मी सांगितले आणि त्यांनी ते माझ्यामागून म्हटले: ही ताल माझी नाही, तालीने धरलेली माती माझी नाही, आणि बक्षीसपत्राच्या नकाशातल्या मूळ रेषेखालचे काहीही माझे नाही. शेवटच्या वाक्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही. अर्थ विचारण्याचाही खर्च पडतो की काय, अशी त्यांना भीती असावी.

देवाची साक्ष कोर्टात चालत नाही. म्हणून तीच वाक्ये मी मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेतली आणि वडगावला नोंदवली. सही करताना अनंतराव हसत होते. एका भिंतीचा खर्च वाचल्याचे ते हसणे होते.

ताल मी बांधली. वडिलांनी माझ्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम तिच्यात गेली, आणि माझे स्वतःचे घर त्यामुळे दोन खोल्या आणि पत्रे एवढ्यावर थांबले. "लग्नाचे पैसे दगडात घालणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली," असे अनंतराव चारचौघांत सांगतात. तेव्हापासून तीन पावसाळे गेले. ते दगड एकदाही हलले नाहीत, आणि ते मला एकदाही टाकून बोललेले नाहीत. लग्न का झाले नाही, हा या दस्तऐवजाचा विषय नाही.

ताल उभी राहिल्यावर, तिच्या भरवशावर, अनंतरावांनी त्या आठ फुटांत व्हरांडा बांधला. मी लेखी हरकत घेतली. उत्तर तोंडी आले: "नकाशे काढून पोट भरतेस ना? मग नकाशातच राहा."

मी नकाशातच राहिले. नकाशात तो व्हरांडा माझा आहे.

कलम ६. मागच्या महिन्यात मी तालीच्या पायथ्याशी काम करीत होते. व्हरांडा बरोबर डोक्यावर येतो. कोणाचे बोलणे ऐकायचा हेतू नव्हता, पण उतारावर बोलणेही खाली येते. तळेगावचे एक गृहस्थ आपल्या पुतणीसाठी स्थळ म्हणून घर पाहायला आले होते.

"घर स्वतःचं का?" गृहस्थांनी विचारले.

"पायापासून," अनंतराव म्हणाले. "कातळ फोडून उभं केलंय. कुणाचं एका पैचं मिंधेपण नाही. आणि हा व्हरांडा पाहा. यंदा बाँबच्या भीतीनं अर्धी मुंबई इकडे आली आहे. या व्हरांड्यासाठी भाडेकरू रांग लावतात."

"आणि यांचं काय?"

यांचं म्हणजे इंदिराबाईंचे. त्या चहा घेऊन आल्या असाव्यात. कपबशा वाजल्या.

"ती राहील की," अनंतराव म्हणाले. "मागच्या खोलीत. आठ वर्षांत मूल नाही, म्हटल्यावर तिचीही काही ना नाही. काय गं?"

"साखर किती घालू, तेवढं विचारायचं होतं," इंदिराबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या खाली माझ्याकडे आल्या. रडलेल्या नव्हत्या. बराच वेळ माझ्या टेबलावरचा नकाशा पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, मागच्या खोलीत ओल फार येते."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तिथला कातळ पूर्ण फोडलेला नाही. त्यातून पाणी झिरपतं. मधेच पैसे संपले होते."

"म्हणजे माझ्या पाटल्या तिथवरच पुरल्या."

"हो."

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि प्रथमच हसल्या. "मग ती खोली माझीच म्हणायची."

त्या हसल्या म्हणून मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले. रडल्या असत्या तर मी नुसता चहाच केला असता.

कलम ७. सबब मी अशी व्यवस्था करते की, माझ्या मृत्यूनंतर खालची जागा, तीवरचे दोन खोल्यांचे घर, संपूर्ण ताल, आणि तालीपासून बक्षीसपत्रातल्या मूळ रेषेपर्यंतची आठ फूट रुंदीची पट्टी, तीवर आज जे काही उभे आहे त्यासह, माझ्या वहिनी सौ. इंदिराबाई अनंत खांबेटे यांना मिळावी. पूर्ण मालकीने. स्त्रीधन म्हणून. त्यांनी ती ठेवावी, भाड्याने द्यावी, विकावी किंवा तीवर कोथिंबीर लावावी. अनंतरावांना तीवर नवरा म्हणून हक्क नाही, भाऊ म्हणून नाही, आणि बांधणारा म्हणून तर नाहीच, कारण त्यातले काही आपले नाही असे ते देवासमोर आणि मुद्रांकावर दोन्हीकडे सांगून बसले आहेत.

हे दान नव्हे. जागेच्या तयारीत दोनच माणसांचे सर्वस्व गेले, आणि त्यांतली एक मी आहे. मी नसेन तेव्हा माझे त्यांतल्या दुसरीकडे जावे, हा साधा हिशेब आहे.

दुसरी पत्नी घरात आली तर तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. ती मुलगी आहे, तिला कोणी विचारलेलेही नसेल. तिला व्हरांड्यात बसायचे असल्यास इंदिराबाईंनी बसू द्यावे, अशी माझी शिफारस आहे.

कलम ८. तालीविषयी सूचना. तालीच्या अंगात मी ओळीने भोके ठेवली आहेत. ती गवंड्याची चूक नव्हे. भरावात मुरलेले पावसाचे पाणी त्यांतून बाहेर पडते. ते कोंडले तर पाण्याच्या जोराने चांगली भिंतही फुगून पडते. अनंतरावांनी एकदा ती सिमेंटने बुजवायला माणूस आणला होता, कारण त्यांतून गढूळ पाणी येते ते भाडेकरूंना बरे दिसत नाही. मी त्या माणसाला परत पाठवले. आत कोंडून ठेवले की वरून स्वच्छ दिसते, ही समजूत आमच्या घराण्यात भिंतींपुरती मर्यादित नाही.

दर वर्षी मृगाच्या आधी या भोकांतला गाळ सळईने काढावा. हे काम तालीच्या मालकिणीचे आहे. मालकीण वरच्या घरात मानाने राहत असेल तोवर तिने ते करावे. तिला तेथून जावे लागले, तर गाळ काढण्याची जबाबदारी तिच्यावर राहणार नाही. ताल पाडावी असे मी कोठेही म्हटलेले नाही. ताल पाडायला कोणी लागत नाही. काही पावसाळे कोणी तिच्याकडे पाहिले नाही की पुरते. हे वाक्य अनंतरावांना दोनदा वाचून दाखवावे.

कलम ९. हत्यारे. वडिलांची दुर्बीण, तिची तिकाटी आणि मोजणीची साखळी तळेगावच्या शिक्षिका मुक्ताबाई आगाशे यांना द्यावी. त्यांनी ती अशा मुलीला द्यावी, जी जग उलटे दिसले म्हणून रागावणार नाही. माझी आरेखनाची पेटी त्याच मुलीला. पेटीतल्या कंपासाचे एक टोक अनंतरावांनी लहानपणी दात कोरायला घेऊन मोडले आहे, ते नवे बसवून घ्यावे.

पितळी ओळंबा रतनबाईंना. ताल बांधताना मी तो वरून सोडत असे आणि त्या खाली उभ्या राहून पाहत. "हितं येवढा ह्योच सरळ बोलतो," असे त्या म्हणत. भिमाजीभाऊंना माझी छत्री. ती चांगली आहे. कामावर उघडायची लाज वाटली तर घरी उघडावी.

कलम १०. टपाल कचेरीतल्या खात्यात जी शिल्लक असेल तीतून इस्पितळाचे राहिलेले देणे आणि माझे क्रियाकर्म भागवावे, आणि उरेल ते इंदिराबाईंनी मागच्या खोलीतला कातळ फोडायला वापरावे. सुरुंगवाल्याला पैसे स्वतःच्या हाताने द्यावेत आणि पावती स्वतःच्या नावाने घ्यावी. माझ्या तेराव्याची पंगत व्हरांड्यात बसवू नये. बसवायचीच असल्यास मालकिणीला विचारावे.

कलम ११. अनंतरावांना काहीच ठेवले नाही, असे कोणी म्हणू नये. त्यांना मी दोन दगड देते.

पहिला, शेंदूर लावलेला. त्याच्यावर त्यांची श्रद्धा सर्वांनी पाहिली आहे. त्यांनी तो पूर्वीच्या जागी, मूळ रेषेवर, नेऊन उभा करावा. देवाला आता वर जायचे आहे असे सांगणारे गुरुजी त्यांना सहज मिळतील. चार गडी, पहार, शिरा आणि दक्षिणा यांचा खर्च ज्याने देव खाली आणला त्याचा. नकाशाप्रमाणे तो दगड बरोबर दिवाणखान्याच्या दारात येतो. म्हणजे व्हरांड्यात पाऊल टाकण्यापूर्वी अनंतरावांना रोज वाकावे लागेल. ते देवाला वाकले की हद्दीला, हे त्यांनी आपल्या मनाशी ठरवावे.

दुसरा दगड माझ्या मूत्रपिंडातला. डॉक्टरांनी तो बाटलीत घालून देण्याचे कबूल केले आहे. मी वाचले नाही तर ती बाटली त्यांना द्यावी. तो दगड काढण्याचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न त्यांना पडणार नाही. तो मी आगाऊ भरला आहे.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर लिहिलेल्या मुक्ताबाई आगाशे यांनी करावी. बक्षीसपत्र, नकाशा आणि अनंतरावांचा नोंदवलेला कागद त्यांच्याकडे दिला आहे. इंदिराबाई, रतनबाई आणि भिमाजीभाऊ यांना मी साक्षीला घेतलेले नाही. ज्यांना काही दिले त्यांच्याकडे नंतर कोणी बोट दाखवू नये.

कलम १३. कलम सात मी आज सकाळी इंदिराबाईंना वाचून दाखवले. त्या ऐकत असताना तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या.

"वन्सं, व्हरांडा घेऊन मी करू काय? मला बसायला कधी वेळ मिळालाय?"

"म्हणूनच."

"आणि हे? हे कुठं बसतील?"

"तुम्ही सांगाल तिथं."

त्यांनी एक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. मग म्हणाल्या, "तुम्ही पुण्याहून परत या. मला भोकं साफ करता येत नाहीत."

"येतील. सळई दाराआड आहे."

मी परत आले तर हा कागद रद्द करायचा की नाही, हे मी येथे लिहीत नाही. इंदिराबाईंना तो ऐकवून झालेला आहे, आणि काही गोष्टी सहीपूर्वीच अमलात येतात.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली. साक्षीदारांनीही माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या. अनंतराव विम्याच्या कामासाठी मुंबईस गेले असल्यामुळे त्यांना उपस्थित राहता आले नाही.

(सही) प्रमोदिनी माधव खांबेटे

साक्षीदार:

१. (सही) सोपान हौशीराम गराडे, कंपाउंडर, लोणावळे. यांनी सही करताना विचारले की ताल म्हणजे तीच का, भोकांची? हो, तीच.

२. (सही) अंबाजी तुकाराम शिंदे, निवृत्त पोस्टमन, लोणावळे. यांनी सांगितले की "स्वकष्ट"च्या पत्त्यावर त्यांनी आजवर अनंतरावांची पत्रे टाकली, इंदिराबाईंच्या नावाचे एकही आले नाही. पुढे येतील, असे मी त्यांना सांगितले.

दिनांक: ९ नोव्हेंबर १९४२.

स्थळ: लोणावळे, कलम सातमध्ये वर्णन केलेली आठ फूट रुंदीची जागा. सही होताना सौ. इंदिराबाई तेथील आरामखुर्चीत बसल्या होत्या. चहा रतनबाईंनी केला.